फिल्मच्या डबीतला दहीभात

हवाईला पोचून तीन दिवस झाले तरी आईला काहीही बघायचं नव्हतं. ज्वालामुखी म्हटलं तर "धूर काय बघायचा?" समुद्र म्हटलं तर "हॉटेलातून दिसतोय की." नारळाच्या झाडाखाली खुर्ची टाकून ती आपली बसून असायची. अंगावर साडी, पायात स्पोर्ट्स शूज आणि साडीवर माझा जुना स्वेटर. इतक्या उकाड्यात स्वेटर कशाला, असं मी दोनदा विचारून बघितलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉबीतल्या पत्रकांच्या स्टँडपाशी ती बराच वेळ उभी होती. मग एक पत्रक काढून तिने माझ्यापुढे धरलं. अर्ध्या दिवसाची सहल होती. उसाच्या जुन्या मळ्याला पाणी नेणाऱ्या पाटातून रबरी होडीने जायचं, मग रानात थोडं चालायचं आणि शेवटी दुर्मिळ पक्षी कसे वाचवतात त्याची माहिती. मोठ्या फोटोत हेल्मेट घातलेली माणसं खिदळत होती. खालच्या कोपऱ्यात एक काळा पक्षी होता.

"इथे जाऊ या," आई म्हणाली. "यांच्याकडे कावळा आहे."

कावळा हा विषय आमच्या घरात दहा महिने कुणी काढला नव्हता.

दोन हजार दोन साल, नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा आठवडा. त्याच वर्षी जानेवारीत बाबा गेले. जूनमध्ये मी आईला सांगलीहून अमेरिकेत शॉमबर्गला आमच्याकडे आणलं. इमिग्रेशनवाल्याने तिच्या पासपोर्टला सहा महिन्यांचा कागद लावला होता आणि त्याची मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. मुदतवाढीचा फॉर्म मी भरून ठेवला होता. फक्त तिची सही राहिली होती. सही का राहिली, तर विचारायची माझी हिंमत होत नव्हती. "तिकडे निवांतपणे विचार," असं बायकोने सांगितलं होतं आणि हवाईची ट्रिप त्यासाठीच काढली होती. फॉर्म झिपलॉकच्या पिशवीत घालून मी तीन दिवस बॅकपॅकमधून हिंडवत होतो.

आता कावळ्याचं सांगतो. आमच्याकडे दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात आणि कावळा कधी शिवतोय याची वाट बघतात. नाही शिवला तर गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय असं समजायचं, आणि जवळच्यांनी एकेक करून पुढे होऊन त्याला शब्द द्यायचा. बाबांच्या वेळी काका म्हणाले, शेताचं मी सगळं नीट बघतो. आत्या म्हणाली, मी सगळ्यांशी धरून राहीन. कावळा समोरच्या पिंपळावर बसून होता. मान वाकडी करून बघायचा, पण खाली येत नव्हता. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. "बाबा, मी परत येतो. आईला एकटीला ठेवणार नाही." एवढंच वाक्य होतं. पण दुसऱ्या दिवशी मुंबईला माझी व्हिसा स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट होती, मोठ्या मुश्किलीने मिळालेली, आणि दुपारची बस गाठायची होती. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणालो, "गुरुजी, अजून किती वेळ?" गुरुजी समजूतदार होते. त्यांनी दर्भाच्या काड्यांना गाठ मारून एक कावळा केला, तो पिंडाला लावला आणि झालं. आम्ही आंघोळ करून घरी आलो. आई कधी एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शॉमबर्गला आल्यापासून ती रोज जेवणाआधी पोळीचा तुकडा डेकच्या कठड्यावर ठेवायची. नेमकं त्या उन्हाळ्यात आमच्या भागात डासांपासून होणारा एक रोग आला आणि कावळे पटापट मेले. तुकडा खायला खार यायची. "खारीचा आणि पितरांचा काय संबंध?" असं आई म्हणायची, पण तुकडा ठेवायची. डिसेंबरात तिचं काय होणार, ती राहणार की जाणार, हे मी विचारत नव्हतो आणि ती सांगत नव्हती.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सहलीला निघालो. बायको आणि मुलगी हॉटेलच्या पूलवर राहिल्या. निघताना बघतो तर आईने आमच्या छोट्या राइस कुकरमध्ये पहाटेच भात लावलेला. कॅमेऱ्याच्या फिल्मची एक रिकामी डबी धुऊन, पुसून, तिच्यात तिने दहीभात दाबून भरला होता. सुनेची ट्रॅक पँट आणि स्वतःचा लांब कुर्ता, आणि कुर्त्याच्या खिशात ती डबी.

व्हॅन चालवणारा गाइड चांगला धिप्पाड होता. त्याचे पूर्वज जपानहून उसाच्या मळ्यात मजूर म्हणून आले होते. हात धरून त्याने आईला वर चढवलं आणि म्हणाला, "बसा आंटी." त्या बेटावर वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात. आई खूश झाली.

"यांच्यातही म्हणतात होय रे?"

"म्हणतात."

"मग इथे यांना काही कमी नाही," असं म्हणून तिने तीन दिवसांत पहिल्यांदा खिडकीबाहेर नीट बघितलं.

आणि बघायला लागल्यावर तिला जिकडेतिकडे ओळखीचंच दिसायला लागलं. "अरे, सोनटक्का बघ. पेरू! साळुंकी बघ तारेवर." मी गाइडला सांगितलं की आई हे सगळं ओळखते. तो हसला आणि म्हणाला, हे सगळं बाहेरून आलेलं आहे. सोनटक्क्याने इथलं मूळ रान दाबून टाकलंय, पेरू तर उपटून उपटून हात दुखतात. तेवढ्यात रस्ता ओलांडून एक मुंगूस पळालं. आईने चटकन हात जोडले. मुंगूस दिसणं चांगलं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. गाइडच्या कपाळावर मात्र आठी पडली. हा सगळ्यांत वाईट, तो म्हणाला. मळेवाल्यांनी उंदीर मारायला आणला. उंदीर रात्री हिंडतात आणि हा दिवसा, त्यामुळे गाठच पडत नाही. मग हा पक्ष्यांची अंडी खातो.

"आणला कुठून?" आईने विचारलं.

"मूळचा इंडियातला, आंटी."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे हापण कामावर आला आणि राहिला."

मी ते भाषांतर केलं नाही.

पाटापाशी पोचलो. लाइफ जॅकेटं, दिवा लावलेली हेल्मेटं, मोबाइल आणि कॅमेरे ठेवायला पाणी न शिरणारी पिशवी. माझी झिपलॉक त्या पिशवीत गेली. आईने डबी द्यायला नकार दिला. रबरी होडीत आम्ही पाचजण होतो: गाइड, आम्ही दोघं आणि कॅलिफोर्नियाचं एक नवं लग्न झालेलं जोडपं, जे पूर्ण वेळ एकमेकांच्यात होतं आणि आमच्या कुणाच्या अध्यात ना मध्यात.

राफ्टिंग म्हटल्यावर मी उसळतं पाणी, आरडाओरडा अशी तयारी ठेवली होती. इथे पाणी शहाण्यासारखं वाहत होतं. मधूनच उतार यायचा, होडी दगडी काठाला घासत सुटायची, वरून झऱ्याचं गार पाणी डोक्यावर पडायचं आणि मग परत संथ. दोन्ही बाजूंना नेचे आणि शेवाळ. आईचं माहेर कृष्णाकाठचं, उसाचं. पाटाचं पाणी तिला मी काय सांगणार? तिनेच गाइडला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी दुभाष्या झालो. पाणी कुठून काढलंय? उतार कसा धरला? टोकाच्या शेताला पाणी पोचायचं का, की वरचेच पिऊन टाकायचे? दारं धरायला रात्री कोण जायचं? पाटाचं दार उघडून पाणी वळवायला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. हे इंग्लिशमध्ये सांगताना माझ्या नाकी नऊ आले, पण गाइडला बरोबर कळलं. त्याचे आजोबा तेच करायचे.

"भांडणं व्हायची का पाण्यावरून?"

"खूप, आंटी."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. तिला तो पाट खरा वाटायला लागला होता.

मध्ये बोगदे होते. सगळ्यांत लांब बोगद्यात गाइडने हेल्मेटवरचे दिवे बंद करायला सांगितले. डोळ्यांपुढे धरलेला हात दिसेना. हा बोगदा माणसांनी कुदळीने खोदला, तो म्हणाला. माझ्या पणजोबांचा भाऊ यातच राहिला, दरड आली होती.

अंधारात आईचा आवाज आला. "त्याचे दिवस कुणी केले, विचार."

मी विचारलं. गाइड म्हणाला, तेव्हाचं माहीत नाही. पण दर उन्हाळ्यात गेलेल्यांसाठी आमचे लोक एकत्र जमून नाचतात आणि पाण्यात दिवे सोडतात. त्याच्या नावाचा एक दिवा मी सोडतो.

"नाचतात?" आई म्हणाली. "बरं आहे. हलकं होत असेल."

त्या अंधारात मला वाटलं, आत्ता बोलून टाकावं. घाटावरचं वाक्य, घड्याळ, सगळं. तिचा चेहरा दिसत नव्हता, तेवढीच सोय होती. पण होडी वाहतच होती आणि पुढे उजेडाचा ठिपका दिसायला लागला. अशी वेळ टळली की मला नेहमी सुटल्यासारखं वाटतं आणि मग स्वतःचा राग येतो. त्या दिवशीही तसंच झालं.

पाट संपल्यावर रानातून दहा मिनिटं चालून आम्ही मळ्यातल्या मजुरांच्या जुन्या घरांपाशी आलो. त्यातल्या पत्र्याच्या एका खोलीत पक्ष्यांची माहिती द्यायला एक बाई बसायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आता विनापगारी हे काम करणाऱ्या. भिंतीवर त्या काळ्या पक्ष्याचे फोटो, टेबलावर टीव्ही आणि व्हीसीआर. आईने खिशावर हात ठेवला आणि खोलीत चारी बाजूंना बघितलं.

बाईंनी सांगितलं ते असं. हा इथला, फक्त याच बेटावरचा कावळा. आता रानात एकही उरलेला नाही. शेवटची जोडी याच वर्षी दिसेनाशी झाली. जे मोजके आहेत ते दूर डोंगरात पिंजऱ्यांमध्ये आहेत आणि तिथे कुणाला जाऊ देत नाहीत, कारण त्यांना माणसाची सवय लागायला नको.

"म्हणजे इथे नाही?" आईने मला विचारलं.

"नाही."

"फोटो तर टाकला होता."

मला त्या पत्रक छापणाऱ्याचा असा राग आला की काय सांगू. ज्या ज्या ओळखीच्या गोष्टी दिसल्या त्या सगळ्या उपऱ्या निघाल्या, आणि जो इथला होता तोच नव्हता. आई खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता ती पुन्हा नारळाखाली बसल्यासारखी होणार.

पण बाईंनी व्हिडिओ लावला. पिल्लू होतं, उघडंवाघडं, कुरूप. त्याच्यापुढे कावळ्याचं एक डोकं आलं आणि त्याने चोचीतून फळाचा तुकडा पिल्लाच्या तोंडात घातला. नीट बघितल्यावर कळलं, ते डोकं कापडाचं होतं. पडद्याला भोक होतं आणि त्यातून कुणाचा तरी हात आला होता. बाईंनी टेबलाच्या खणातून तशीच हातात घालायची बाहुली काढली. काळं कापड, काळी टणक चोच. पिल्लांनी माणसाला आईबाप समजू नये म्हणून हे करतात, त्या म्हणाल्या. वसंतात काही आठवडे मी स्वतः भरवायला जात होते.

बाहुली आईकडे आली. तिने उलटसुलट करून बघितली, शिवण तपासली आणि मग हात आत घातला. चोच उघडली, मिटली.

"पिल्लाला कळत नाही का, विचार."

बाई हसल्या. "एकाला कळायचं, असं मला वाटतं. तो बाहुलीकडे बघायचाच नाही. तिच्यामागे, पडद्याच्या भोकाकडे बघायचा. पण खायचा."

आईने हे नीट ऐकून घेतलं. मग बाई म्हणाल्या, इथले जुने लोक सांगतात की हा पक्षी मेलेल्या माणसाच्या जिवाला वाट दाखवतो. आईला मुळीच नवल वाटलं नाही. "हिला सांग, आमच्याकडेही हेच काम त्याच्याकडे आहे. फक्त तो आधी जेवतो." मी सांगितलं. बाईंनी वही काढून लिहून घेतलं आणि शिक्षिकेच्या उत्सुकतेने विचारलं, "आणि कावळा आला नाही तर?"

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, भाषांतर कधी होतंय म्हणून. उत्तर मला येत होतं. मी तिथल्या तिथे देऊन टाकू शकलो असतो.

"कावळा नाही आला तर काय करतात, विचारतायत."

"मग दर्भाचा करतात," आई म्हणाली आणि बाहुली घातलेल्याच हाताने गाठ कशी मारतात ते दाखवलं.

"आणि त्याने काम होतं?" बाईंनी विचारलं.

"त्याने चालतं का, विचारतायत."

आई क्षणभर बाहुलीच्या चोचीकडे बघत राहिली. "चालवून घेतात," ती म्हणाली.

मी बाईंना "येस" सांगितलं.

व्हॅनला वेळ होता. बाहेर पेरूच्या झाडाखाली एक बाक होता, तिथे आम्ही बसलो. कॅलिफोर्नियाचं जोडपं फोटो काढत होतं. पिशवीतून परत मिळालेली झिपलॉक माझ्या मांडीवर होती. आईने खिशातून डबी काढली आणि हातात धरून ठेवली.

"तो कागद हाच ना? मला सांगितलंय तुझ्या बायकोने."

"हो."

"तीन दिवस बघतेय, मिरवतोयस नुसता." मग ती म्हणाली, "त्या दिवशी घाटावर सगळे तुझ्याकडे बघत होते."

"हो. काय बोलायचं ते मला माहीत होतं, आई. मी बोललो नाही. घड्याळ बघितलं." इतके महिने अडकून राहिलेलं असं एका दमात निघालं, आणि फार काही मोठं वाटलंच नाही.

"मला दिसलं. पण त्यांना तुझ्याकडून ते नको होतं. तू परत ये असं ते कधी म्हणाले का तुला? दवाखान्यात शेवटचे आठ दिवस माझ्याच मागे लागले होते. एकटी राहू नकोस, त्याच्याकडे जा, मला शब्द दे. मी दिला नाही. घाटावरही सगळे तुझ्याकडे बघत होते आणि मी त्या कावळ्याकडे. नुसतं म्हणायचं होतं, जाते त्याच्याकडे म्हणून. आला असता खाली."

"मग का नाही म्हणालीस?"

"मला नव्हतं यायचं." तिने डबीचं झाकण उघडलं, परत लावलं. "खोटं कसं बोलायचं? तेही त्यांच्याशी. मग वाटलं, शब्द नाही तर नाही, निदान जाऊन तरी यावं. म्हणून आले. तुझी पोर बघितली, संसार बघितला. आता हा कागद. तू म्हणालास तर सही करते. पेन आहे?"

पेन होतं. बाबांनी सांगितलं, मी म्हणालो, म्हणून ती सही करणार होती आणि पुढचे सहा महिने खारीला पोळी घालणार होती. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

"तुला काय हवंय, आई?"

हा प्रश्न मी तिला त्याआधी कधी विचारला होता, ते मला आठवेना.

"घरी जायचंय," ती म्हणाली. "वर्षश्राद्ध तिथे करायचंय. मग तिथेच राहायचंय."

"मीपण येणार नाही परत. राहायला म्हणून."

"माहितीय रे."

तिने डबी उघडून पुढे केली. मी म्हणालो, हा घास त्यांचा ना? "साधा दहीभात आहे," आई म्हणाली. "ह्यांना आवडायचा. टाकून द्यायचा का?" बोटांनी काढून तिने अर्धा मला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. मीठ जास्त झालं होतं. गाइडने व्हॅनचं दार उघडलं, "चला आंटी," म्हणाला. फॉर्म मी तसाच बॅगेत टाकला.

डिसेंबरात आई गेली. जानेवारीत वर्षश्राद्धाला मी रजा काढून सांगलीला गेलो. तोच घाट, तोच पिंपळ, तेच गुरुजी. पिंड ठेवून सगळे मागे सरकले. कावळा फांदीवर बसून होता, खाली येत नव्हता. या वेळी कुणी माझ्याकडे बघायच्या आत आई पुढे झाली आणि घरात बोलतात तशा आवाजात म्हणाली, "तो तिकडे राहणार आहे आणि मी इथे. दोघंही बरे आहोत. बघा पटतंय का."

काकांनी मान खाली घातली. गुरुजी दर्भाच्या जुडीकडे वळले, तेव्हा मी त्यांना नको म्हणालो. कावळ्याने पुष्कळ वेळ घेतला. आम्हाला कुठे जायचं नव्हतं. आम्ही थांबलो.